पाळकबाई उजागरे

वासंती उजागरे आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा पातेली जास्त होती. त्यातलं सगळ्यांत मोठं, पन्नास माणसांचा भात शिजेल असं, जिन्याच्या वळणावर अडकून बसलं. हमाल म्हणाला, "खलास मॅडम, नहीं जाएगा." तेव्हा तिच्या नवऱ्याने ते तिरकं करून सोडवलं, स्वतःच्या डोक्यावर पालथं घातलं आणि आतून गाणं म्हणत, भिंतींवर आपटत वर आणलं. मागून त्यांची मुलगी आभा, तेव्हा सात-आठ वर्षांची, पोट धरधरून हसत येत होती. मी दारात उभी होते. मीही हसले. उजागऱ्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच, आणि दुसऱ्यांदा भेटला की त्यांचा होऊन जायचा.

हे अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतलं. मालकाने एका व्हिलाचे चार फ्लॅट केले होते. वरच्या मजल्यावर एक आमचा, एक त्यांचा. माझा नवरा सुरेश रुवैसला रिफायनरीत, वीकेंडपुरता घरी. मुलगा पुण्याला शिकायला. मी मुसफ्फातल्या एका कंपनीत एचआर बघते आणि वासंती तिथल्याच एका क्लिनिकमध्ये नर्स होती. सकाळी आम्ही दोघी माझ्या गाडीतून जायचो. तिचं आयुष्य मला असं सिग्नलच्या सिग्नलला तुकड्यांनी कळत गेलं.

सूर्यकांत उजागरे पाळक होते. मराठी ख्रिस्ती लोक पास्टरला पाळक म्हणतात आणि त्याच्या बायकोला पाळकबाई, हे मला वासंतीकडूनच कळलं. ज्या मिशनने त्यांना पाठवलं होतं तिची दोन कामं होती. एक, इथे घरदार सोडून आलेल्यांची मंडळी, म्हणजे चर्चचा परिवार, सांभाळायची. त्यात मुंबई-पुण्याची ऑफिसवाली कुटुंबं होती, नर्सेस होत्या, लेबर कॅम्पमधले झारखंड-छत्तीसगडचे कामगार होते. दुसरं काम आफ्रिकेत, मलावी देशातल्या खेड्यांत. तिथे बोअरवेल खणून द्यायच्या, शाळेच्या खोल्या बांधायच्या. उजागरे वर्षातून तीन-चारदा तिकडे जाऊन यायचे.

माणूस ढोंगी नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. कॅम्पमधला एकजण परांचीवरून पडला तेव्हा त्याच्या खाटेशी बसून उजागऱ्यांनी त्याला कितीतरी दिवस हाताने भरवलं होतं. कुणी इथे वारलं तर त्याला गावी पोचवण्याची सगळी धावपळ तेच करायचे, मग तो कुठल्याही धर्माचा असो. रत्नागिरीच्या एका बदरुद्दीनचाचांसाठी त्यांनी केलेली खटपट आमच्या रस्त्यावरचे लोक अजून सांगतात.

या चांगुलपणाचा स्वयंपाक मात्र वासंती करायची. ती जालन्याची. मिशन कंपाउंडात वाढलेली, वडील दवाखान्यात कंपाउंडर. एकदा गाडीत म्हणाली, "मला नर्स व्हायचं होतं, झाले. पाळकबाई व्हायचं नव्हतं, तेही झाले." घर कायम उघडं. ड्युटीवरून आली की दारात चपला मोजाव्यात इतकी माणसं. मालकिणीने हाकलून दिलेल्या एखाद्या मुलीला उजागरे घेऊन यायचे आणि ती राहायची आभाच्या खोलीत. आभाची गादी तिला, आभा खाली. आभाची सायकल एका ड्रायव्हरच्या मुलाला गेली. नव्या बुटांचा एक जोड गेला. वासंती कुरकुरली की उजागरे म्हणायचे, "अगं, मी नाही दिले. तिनेच दिले. विचार तिला."

आणि ते खरं होतं. आभाच द्यायची. का द्यायची हे मला एका रविवारी कळलं. त्यांच्या घरी बरीच माणसं जेवायला होती. कुणाच्या तरी लहान मुलीने आभाच्या बाहुलीसाठी भोकाड पसरलं. आभाने बाहुली छातीशी धरून वडिलांकडे पाहिलं. ते हातातलं सोडून तिच्याकडे वळले, पूर्ण वळले, आणि वाट बघत राहिले. आभाने बाहुली दिली. मग त्यांचा चेहरा जो उजळला! सगळ्यांसमोर त्यांनी तिला उचलून घेतलं. एरवी दिवसभर त्या माणसाला मुलीकडे बघायला वेळ नसायचा. काहीतरी दिलं की पप्पा बघतात, एवढं त्या पोरीला पक्कं समजलं होतं.

आभा अकरा वर्षांची असताना डिसेंबरच्या सुट्टीत उजागऱ्यांनी तिला मलावीला न्यायचं ठरवलं. वासंतीला रजा मिळेना. तिने पाठवायला नको म्हणून पाहिलं. पण आभा नाचत होती आणि मंडळीतले सगळे "काय भाग्यवान मुलगी!" म्हणत होते. शेवटी वासंतीने नर्ससारखी तयारी केली. मलेरियाच्या गोळ्या, अंगाला लावायचं क्रीम, आणि दोघांसाठी दोन औषध लावलेल्या मच्छरदाण्या. तिकडे पावसाचे दिवस होते. गाडीत मला म्हणाली, "मी तिला रोज फोनवर गोळी घ्यायला लावणार आहे. पाण्याचा घोट ऐकू आल्याशिवाय फोन ठेवणार नाही."

गोळ्यांनी आभाला उलट्या व्हायला लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी उजागऱ्यांनी त्या बंद केल्या. वासंती फोनवर नको नको म्हणत होती, तर म्हणाले, मच्छरदाणी आहे ना.

ते दोघे तिकडे असतानाच इथे मंडळीचा नाताळचा कार्यक्रम झाला. वासंतीने मला बोलावलं होतं, म्हणून मी तिच्या शेजारीच बसले होते. कार्यक्रम धनंजय साळवे चालवत होते. साळवे मंडळीचे सेक्रेटरी, एका कन्स्ट्रक्शन कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, आवाज भरदार. गाणी झाली, छोट्यांचं नाटक झालं. मग साळवे म्हणाले, "आता पाळकसाहेबांनी मलावीहून खास आपल्यासाठी काहीतरी पाठवलंय," आणि पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला.

लाल मातीचं अंगण, बायकांची रांग. उजागरे गठ्ठ्यातून एकेक मच्छरदाणी काढून वाटत होते. गठ्ठा संपला. रांगेच्या टोकाला पाठीशी तान्हं बांधलेली एक बाई उरली. उजागऱ्यांनी रिकामे हात दाखवले. मग म्हणाले, "माझी कालच दिली." आणि ते वळले. तसेच, पूर्ण. कॅमेरा त्यांच्याबरोबर वळला. तिथे आभा उभी होती.

"आभा, काय करायचं?"

आभा पळत आत गेली आणि स्वतःची मच्छरदाणी घेऊन आली. त्या बाईने ती दोन्ही हातांत घेतली, गुडघे वाकवले. उजागऱ्यांनी आभाला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पाय लोंबत होते तिचे.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले, वळून वासंतीकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मागच्या बाईने तिचे खांदे दाबले. साळवे माइकवरून म्हणाले, "धन्य ती आई!" वासंती हसत होती. मांडीवरची केकची डिश तिने न खाताच खुर्चीखाली सरकवली आणि पर्समधून फोन काढून हातात धरला.

पार्किंगमध्ये आल्या आल्या तिने फोन लावला. आभानेच उचलला.

"आज कुठे झोपणार आहेस तू?"

"मम्मा, इट्स ओके. द किड्स हिअर डोंट हॅव नेट्स आयदर."

"पप्पांना दे." मग उजागऱ्यांना ती म्हणाली, "अहो, बाजारातून दुसरी आणा. आत्ताच्या आत्ता."

त्यांचं बोलणं मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. आवाज प्रेमळ होता, थकलेला. "वासंती, बाजार लांब आहे. बघतो उद्या-परवा. इथली शेकडो लेकरं देव सांभाळतो, तो आपल्या एकीला सांभाळणार नाही का? तू जरा शांत राहा. आजचा दिवस किती सुंदर गेला तिचा."

त्यानंतर ती रोज विचारायची, मच्छरदाणी आणली का. ते रोज सांगायचे, आणतो.

वर्षअखेरीला आभाला ताप आला. वासंती ड्युटीवर होती. तिने औषधांच्या खोलीत जाऊन फोन केला. "अहो, टेस्ट. दुसरं काही नाही. आत्ता गाडी काढा आणि तालुक्याच्या हॉस्पिटलला न्या."

उजागरे म्हणाले, रस्ता चिखलाचा आहे. दुसऱ्या दिवशी, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, बोअरवेलचं समर्पण, म्हणजे प्रार्थना करून उद्घाटन होतं. आसपासच्या खेड्यांतले लोक आले होते, त्यांचा मुखिया येणार होता. पॅरासिटामॉल दिलीय, ताप उतरलाय, मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीय, उद्या कार्यक्रम झाला की लगेच निघतो.

"उद्या नाही," वासंती म्हणाली. "हा ताप उतरतो आणि परत चढतो. तुमच्या पाया पडते मी."

"तू घाबरली आहेस. घाबरून घेतलेले निर्णय चांगले नसतात."

दुसऱ्या दिवशी पंप मारून पहिलं पाणी आलं. बायका गायला लागल्या. झाडाखाली सतरंजीवर निजवलेल्या आभाला त्याच वेळी झटके सुरू झाले. गाण्याच्या आवाजात कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. तिला पिकअपच्या मागच्या बाजूला टाकून निघाले तेव्हा ती बेशुद्ध झाली होती.

मलेरिया मेंदूत गेला होता. वासंती मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला पोचली तेव्हा आभा हॉस्पिटलात नळ्या लावून पडलेली होती. त्या वॉर्डात प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी टांगलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई वासंतीला सारखं काहीतरी विचारत होती. शेवटी तिथल्या नर्सने तिला इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, तुमच्याकडे मुलीसाठी मच्छरदाणी नव्हती का? तिच्या घरी एक जास्तीची आहे, ती द्यायला तयार आहे."

हे वासंतीने मला नंतर, गाडीतच, अगदी सपाट आवाजात सांगितलं. त्या बाईला दया आली होती, म्हणाली.

आभा वाचली. इथे परत आली तेव्हा तिला काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दोष कानात नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, यंत्राचा उपयोग होणार नाही. उजवा हात कापायचा. अधूनमधून फिट यायची. बोलायची ती, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे एकसुरी, मोठ्याने. ओठ बघून तिला थोडंफार कळायचं, तेही इंग्रजी, आणि समोरचा सावकाश बोलला तर. शाळेने फार गोड शब्दांत सांगितलं की तिला दुसरीकडे जास्त आनंद मिळेल. दोन वर्षं एकत्र बसलेल्या तिच्या मैत्रिणी एकदा भेटायला आल्या, आपसात बोलत बसल्या आणि गेल्या.

तिला विमानतळापर्यंतचं आठवत होतं. पुढचं सगळं पुसलं गेलं होतं. तेव्हा उजागऱ्यांनी तिच्या टॅबवर तिला गोष्ट लिहून दिली. तू स्वतःहून तुझी मच्छरदाणी एका बाळाला दिलीस. ते बाळ जगलं. तू मरणाच्या दारात गेलीस आणि देवाने तुला परत दिलं, कारण तू दिलं होतंस. आभा ती गोष्ट दिवसातून कितीतरी वेळा वाचायची. मी गेले की मलाही वाचायला लावायची आणि माझा चेहरा बघत बसायची. "आय वॉज ब्रेव्ह," ती मोठ्याने म्हणायची. पोरीकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि ती गोष्ट चालायला लागली. उजागरे तिला आधी आपल्या मंडळीपुढे घेऊन उभे राहिले, मग दुबईच्या, मग शारजाच्या. सभेत उभं राहून देवाने काय केलं ते सांगायचं, याला त्यांच्यात साक्ष म्हणतात. उजागरे साक्ष द्यायचे आणि आभा शेजारी उभी राहायची. तिला कळायचं नाही काय चाललंय, पण लोक तिच्याकडे बघून डोळे पुसतायत हे दिसायचं, मग ती हसायची. ती हसली की लोक आणखी रडायचे. मलावीच्या कामाला नवीन माणसं मिळाली, नवीन बोअरवेली ठरल्या.

मी वासंतीला विचारलं, "तू जाऊ का देतेस?"

"आभाला आवडतं," ती म्हणाली. "आणि तिचे पप्पा साक्ष देताना रडतात ना साधना, ते खोटं नसतं. त्याला चमत्कार म्हटलं नाही तर त्यांना ते बघावं लागेल, काय केलंय ते. माझ्यासमोर एकदाही बघितलेलं नाही त्यांनी."

दोन वर्षं हे चाललं. मग मंडळीचा उपकारस्तुतीचा रविवार आला, म्हणजे वर्षभराचे आभार मानायची उपासना. परदेशातून मिशनचे पाहुणे आले होते. वासंतीने मलाही ओढून नेलं, पुढच्या रांगेत बसवलं. ती काही ठरवून आली होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिने सकाळी उठून सगळ्यांसाठी पुलाव केला होता.

उजागरे मराठीत बोलत होते. त्या दिवशी ते फार सुंदर बोलले. तापाची गोष्ट आली, झाडाखालची सतरंजी आली. "आणि त्याच क्षणी, बंधुभगिनींनो, ज्या क्षणी जमिनीतून पाणी वर आलं, त्याच क्षणी माझी लेक कोसळली. सैतानाला ते पाणी नको होतं!" हॉलमध्ये हुंदके. आभा वडिलांकडे बघत होती, मग लोकांकडे, परत वडिलांकडे. आणि तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "डॅड, व्हॉट आर यू टेलिंग देम?"

लोक रडता रडता हसले. उजागऱ्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पुढे बोलायला लागले.

"नो, टेल मी," आभा म्हणाली.

वासंती उठली. पुढे जाऊन आभासमोर गुडघ्यांवर बसली, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. तिला ओठ वाचता यावेत म्हणून इतकं सावकाश, की मागच्या रांगेलाही प्रत्येक शब्द ऐकू गेला.

"पप्पा सांगतायत की सैतानाने तुला आजारी केलं. ते खरं नाही. तुला डास चावला. तुझी मच्छरदाणी पप्पांनी देऊन टाकायला लावली. मी दुसरी आणा म्हणाले, त्यांनी आणली नाही. तुला ताप आला. मी हॉस्पिटलला न्या म्हणाले, त्यांनी नेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. एक दिवस आधी नेलं असतं तर आज तुला ऐकू आलं असतं."

शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, कारण आभाला पहिल्यांदा कळलं नाही.

मी त्या पोरीचा चेहरा बघत होते. आई खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. तिने वडिलांकडे वळून विचारलं, "इज दॅट ट्रू?"

उजागऱ्यांचा माइक खाली आला होता. एखादा माणूस इतका पांढरा पडलेला मी पाहिला नव्हता. ते वाकले, त्यांनी आभाचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान खाली घालून प्रार्थना करायला लागले. ओठ हलत होते, पण मान खाली होती, त्यामुळे आभाला काही दिसत नव्हतं. तिला फक्त त्यांची टाळू दिसत होती. ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

साळव्यांनी खूण केली आणि गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले. आभाने मान वर करून बघितलं, तर शेदोनशे तोंडं एकदम उघडत-मिटत होती.

घरी माझ्याच गाडीतून आलो. उजागरे पाहुण्यांबरोबर मागे थांबले होते. मागच्या सीटवर आभा आणि वासंती. आभा म्हणाली, "व्हाय डिड यू से इट?"

"बिकॉज इट इज ट्रू."

"इट वॉज माइन," आभा म्हणाली. ते माझं होतं. "आय डिडन्ट हॅव एनीथिंग एल्स." वासंतीने तिची हनुवटी धरून तिला आपल्याकडे वळवलं, आणि आभाने डोळे मिटून घेतले. वासंती तिला हलवत राहिली, बोलत राहिली, हात दाबत राहिली. तिने घर येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्याने डोळे मिटले की त्याच्यापर्यंत जायला वाट उरत नाही. पुढे कितीतरी महिने ती हेच करायची. आई समोर आली की डोळे मिटायची.

दोन दिवसांनी साळवे आणि मंडळीतल्या दोन बाया घरी आल्या. मी तिथेच होते. साळवे बसले नाहीत. "बाई, पाळकसाहेब मोठ्या मनाचे आहेत, ते काही बोलणार नाहीत. पण पाहुण्यांसमोर तुम्ही मंडळीची लाज काढलीत. येत्या रविवारी पुढे येऊन क्षमा मागा. नाहीतर पुढचं देव बघेल."

"मी काय खोटं बोलले?" वासंतीने विचारलं.

त्यातली एक बाई, जिचं पहिलं बाळंतपण वासंतीने रजा काढून केलं होतं, म्हणाली, "खरं-खोट्याचा प्रश्न नाही हो. एका आईने आपल्या लेकरालाच हत्यार केलं, याचं वाईट वाटतं."

वासंतीने क्षमा मागितली नाही. घर उघडंच होतं, पण माणसं यायची थांबली. क्लिनिकमध्ये कॅम्पचे कामगार, ज्यांच्या जखमा तिने वर्षानुवर्षं धुतल्या होत्या, काउंटरवर हळूच म्हणायला लागले, "दूसरी सिस्टर को बुला दो ना." सुपरवायझरने तिची ड्युटी आतल्या स्टोअरला लावली.

उजागरे ओरडले नाहीत, भांडले नाहीत. त्यांनी मिशनला कळवून कायमचं मलावीला जायचं नक्की केलं. ते सामान भरत होते तेव्हा वासंती दाराशी उभी राहिली. हे तिनेच मला सांगितलं.

"एकदा म्हणा," ती म्हणाली.

"काय म्हणू?"

"की चुकलं. तिला सांगू नका. मंडळीला सांगू नका. फक्त मला सांगा."

त्यांनी हातातला शर्ट पलंगावर पसरला. मग म्हणाले, "वासंती, मी ते म्हटलं ना, तर मला परत उभंच राहता येणार नाही. आणि तिकडे त्या बायका डबक्यातलं पाणी पितायत."

"आणि आभा?"

त्यांनी शर्टाची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि बॅगेची चेन ओढली.

फ्लॅट मिशनच्या नावावर होता. ते गेल्यावर तो सोडावा लागला. वासंती आभाला घेऊन मुसफ्फाच्या शाबिया नावाच्या वस्तीत एका व्हिलातल्या एका खोलीत गेली. स्वयंपाकघर तीन कुटुंबांत एक. जालन्याला परत का जात नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, तिथेही मंडळी आहे, तिथेही त्या रविवारचा व्हिडिओ पोचलाय. आणि इथे आभाला बहिऱ्या मुलांचं सेंटर मिळालं होतं. तिथे आभा खुणांची भाषा शिकली. वासंतीही ड्युटी सांभाळून शिकली. आता आभा तिच्याशी बोलते, पण कामापुरतं. भूक, औषध, कपडे. सेंटरच्या मैत्रिणींशी बोलताना तिचे हात, तो कापणारा हातसुद्धा, असे भराभर चालतात की वासंतीला काही उमगत नाही. तिने विचारलं तर आभा हात मांडीवर ठेवून देते.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुला पश्चात्ताप होतो का गं?"

"खरं बोलल्याचा नाही." ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. "मला त्यांना मारायचं होतं साधना. हातात येईल ते उचलून मारलं. हातात ती होती."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारची वेळ. उजागऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. ते आठवड्यातून एकदा करतात. आभा, आता चौदा वर्षांची, केस विंचरून आधीच तयार बसली होती. तिच्या हाताला कंप असतो, चित्र हलतं, म्हणून फोन वासंतीने धरला. स्वतः बाजूला, चित्रात दिसणार नाही अशी.

पडद्यावर उजागरे होते, वाळलेले, दाढी पांढरी. त्यांना खुणांची भाषा येत नाही. ते नेहमीसारखे भराभर बोलत होते. नेटवर्क खराब होतं, चेहरा थांबत होता, चौकोन-चौकोन होत होता. त्या तुटक्या चित्रात कुठले ओठ आणि कुठले शब्द. आभाला एक अक्षरही कळत नव्हतं. ती पुढे झुकून, ओठ किंचित उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा उजळलेला होता. ते नवीन बोअरवेलबद्दल सांगत होते. तिथल्या मुली आता पाण्याला न जाता शाळेत जातात म्हणाले. मका चांगला आलाय म्हणाले. तुझी फार आठवण येते म्हणाले. ते सगळं खोलीत फक्त वासंतीला आणि मला ऐकू येत होतं.

"आँटी, ही लुक्स थिन," आभा माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली आणि लगेच परत पडद्याकडे वळली.

वासंतीचा हात अवघडला. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्याने चित्र हललं, तर आभाने तिकडे न बघताच आईचं मनगट धरून सरळ केलं.